उजवा अंगठा

खंडेरावांनी स्टुलावर बसल्या बसल्या डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि मोबाइलच्या दुकानाच्या काचेच्या काउंटरवर आणून ठेवला. त्याची बोटं अर्धवट मिटलेली होती. काउंटरमागच्या सोनियानं एकदा त्या हाताकडं पाहिलं, मग त्यांच्या लेकीकडं, रूपालीकडं.

"काका, फोन उघडायला डाव्या हाताचा अंगठा लावला तरी चालतो. उलट सोपं पडेल तुम्हाला."

"नाय," खंडेराव म्हणाले. पुढचा शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून यायला वेळ लागला. "ह्यो."

लकवा मारल्यापासून ते क्रांती चौकामागं लेकीच्या घरी राहत होते. पायात थोडा जोर आला होता, काठी टेकत जिना उतरता येत होता. हात मात्र तसाच राहिला, आणि आकडे डोक्यातून निसटले ते निसटलेच. सात म्हणायला जात आणि तोंडातून दोन येई. मग स्वतःवरच चिडत. फोनच्या कुलपाचे आकडे त्यांना जमेनात. रूपालीनं कुलूपच काढून टाकलं, तर बंडीच्या खिशातून तिला आपोआप फोन लागू लागले. पलीकडं नुसती घरघर ऐकून ती दवाखान्यातलं काम टाकून धापा टाकत घरी पोचायची. आबा खाटेवर गाढ झोपलेले असायचे.

तरी एकच धोशा होता. गावाकडं, पिशोरला जायचं. तिथं घर होतं, मेंढरं होती, धाकटा भाऊ कडुबा होता. पण कडुबा दिवसभर रानात. घरात आबा एकटेच पडले तर?

"स्वतःच्या हातानं फोन उघडून मला लावून दाखवा, मग पाठवते," असं रूपाली एकदा म्हणून गेली होती. ते जमायचं नाही या भरवशावरच ती म्हणाली होती. आबांनी मात्र ते शब्द घट्ट धरून ठेवले.

सोनियानं आधी कडेच्या बटणात ठसा ओळखणारा सेन्सर असलेला फोन दिला. खंडेरावांनी तो डाव्या हातात धरला, पण बोट कडेला नेताना तो निसटला आणि काचेवर आपटला. मग तिनं दुसरा काढला. यात बोट पडद्यावरच टेकवायचं होतं. तिनं तो काउंटरवर सपाट ठेवला.

"हा बरा. खाली ठेवूनसुद्धा उघडतो."

खंडेरावांनी पुन्हा उजवा हातच पुढं ओढला.

"आबा, पडलात तर तो हात उचलणार कसा?" रूपालीचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारचं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं.

खंडेराव हाताकडं बघत राहिले. "मेंढरं... भादरली ह्यानं," ते म्हणाले. मग खाली मान घालून, "माझाच हाय ना त्यो?"

रूपाली पर्सची चेन उघडत होती, लावत होती. उजवाच अंगठा नोंदवला की फोन त्यांना एकट्याला उघडायचा नाही. पिशोरचा विषय आपोआप मिटेल. आपण कुठं नाही म्हणालो?

"लावा उजवाच," ती म्हणाली.

तिनंच तो हात हातात घेतला. बापाचा हात असा तिनं कधी धरला नव्हता. लहानपणी या हातातली कातर लोकरीतून सरसर फिरताना ती लांबून बघायची. जवळ गेलं की आबा ओरडायचे. आता ती एकेक बोट सोडवत होती आणि बोटं पुन्हा मिटत होती. शेवटी अंगठा तेवढा धरून तिनं पडद्यावर टेकवला. उचलला, टेकवला. पडद्यावरचं वर्तुळ थोडं थोडं भरत गेलं.

"झालं की, काका! आता उघडून बघा."

रूपालीनं अंगठा पुन्हा टेकवला. फोन उघडला. खंडेरावांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून जपून मांडीवर ठेवला.

मग कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी डावा अंगठा सोनियापुढं धरला.

"आता ह्यो बी घे. पडल्यावर... ह्योच लागंल."

रूपालीनं मान वर केली नाही. सोनियानं दुसरा अंगठा नोंदवला, खंडेरावांच्या जुन्या फोनमधलं सिम यात घातलं आणि पडद्यावर लेकीचा फोटो मोठा करून ठेवला, त्यावर बोट ठेवलं की तिलाच फोन लागेल असा. खंडेरावांनी डावा अंगठा टेकवला, मग फोटोवर बोट ठेवलं.

रूपालीच्या पर्समध्ये फोन वाजला. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तो वाजू देत ती तशीच उभी राहिली, मग तिनं तो काढून कानाला लावला आणि रस्त्याकडं तोंड केलं.

"रूपे, मी बोलतो," मागून आणि कानातून एकदमच आवाज आला. "बरा हाय."

बाहेर सिग्नल सुटला होता. रिक्षांच्या गोंगाटात तिनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"जेवलात का, आबा?" तिनं विचारलं.

"व्हय," ते म्हणाले. "पिशोरात... कडुबासंगं... आत्ताच."