भागतं आमचं

धाकटी चटईवर आडवी झाली आणि तिने पाय लांब केले. टाचा दाराला टेकल्या. वर सरकली, तर डोकं ओट्याखालच्या कप्प्याला लागलं.

"बाजूला अजून एक माणूस मावतो," दारात उभी असलेली तिची ताई म्हणाली. "कुशीवर झोपलं तर."

"आणि उताणं झोपायचं असेल तर?" धाकटीच्या नवऱ्याने विचारलं.

"मग आळीपाळीने, पाहुणे. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथं पाय पाहून दार लावायचं."

घरमालकीण हसली नाही. संध्याकाळी दुसरं एक बिऱ्हाड खोली बघायला येणार आहे, तोवर काय ते सांगा, एवढं म्हणून ती किल्ली घेऊन जिना उतरली.

ताईची खोली त्याच मजल्यावर, तीन दारं सोडून होती. तिघं तिथे जाऊन बसली. बसायला पलंग होता, आणि पलंग सोडला तर उभं राहायला जागा होती. धाकटीचा नवरा कवळ्या बनवायचा. आपल्या लहान गावात मेणात एकेक दात बसवून त्याने कित्येक म्हाताऱ्यांची तोंडं भरली होती. आता इथल्या मोठ्या लॅबने त्याला बोलावलं होतं. पगार दीडपट, भाडं तिप्पट. होय की नाही, ते लॅबच्या मालकाला आजच कळवायचं होतं.

"तुमच्या हातात कला आहे, पाहुणे. घाबरता कशाला?" ताई म्हणाली.

"लोकांना दात मी देतो, ताई. चणे कुठून आणू?"

ताई मनापासून हसली. मग चहाचं पातेलं उतरवता उतरवता तिने सगळं समजावून सांगितलं. तिने ते आधी पुष्कळांना सांगितलेलं असावं, कारण कुठेच ती अडली नाही. नवऱ्याचा पगार भाड्यात आणि प्रवासात जातो. बायकोच्या पगारावर चूल पेटते. ताई कामाला होती त्या कारखान्यात, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायला, एक जागा रिकामी होती. धाकटीसाठी तिने शब्द टाकून ठेवला होता. मूल बरोबर आणलं की एकजण घरी अडकतं, नाहीतर सांभाळणारीला पगार द्यावा लागतो, आणि गणित तिथेच फिस्कटतं.

"सोन्याला आईकडे ठेवा. वर्ष-दोन वर्षं. बस्तान बसलं की आणायचा. आम्ही नाही का आमची लेक सासूबाईंकडे ठेवली? देवाच्या दयेने भागतं आमचं."

धाकटीने मान हलवली. येताना बसमध्येच ती हे धरून चालली होती. गावी ठेवून आलेला त्यांचा सोन्या सव्वातीन वर्षांचा होता आणि झोपताना त्याला तिचा कान धरायला लागायचा. तिने कप पुसला, आणि कोरडा झालेला तोच कप परत पुसला.

"मग कळवू का मालकांना?" नवऱ्याने विचारलं.

"कळवा," ती म्हणाली.

त्याने खिशातून फोन काढला, तोच ताईचा फोन वाजला. ताईच्या सासरहून, आजीजवळ राहणाऱ्या तिच्या लेकीचा होता. ताईचे हात नळाखाली होते. कोपराने तिने फोन पुढे सरकवला आणि धाकटीने तो स्पीकरवर टाकला.

"जेवलीस का गं?" ताईने विचारलं.

"हो."

"काय करत होतीस?"

"काही नाही. चित्र."

"कसलं?"

"छत्रीचं." मागून आजी हळू आवाजात काहीतरी सांगत होती. "तुम्ही जेवलात का?"

नळ चालूच होता. धाकटीने ताईकडे पाहिलं नाही. दोघींच्या माहेरी आईला कुणी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. रागावलं तरी 'तू', लाडात आलं तरी 'तू'. देवाला म्हणतात तसं.

"जेवले," ताई म्हणाली. "नीट राहा हं."

"हो. ठेवू?"

"ठेव."

ताईने नळ बंद केला. "आम्हा दोघांना मिळून विचारते ती," ती म्हणाली. ताईचा नवरा तर सकाळपासून कामावर होता. "आजीने वळण चांगलं लावलंय. आता आठवं वर्ष लागलं हो तिला."

धाकटीच्या नवऱ्याच्या हातात फोन तसाच होता. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने कप ओट्यावर पालथा घातला आणि हात मांडीवर ठेवून बसली. त्याने नंबर लावला.

"सर, माझं नाही जमायचं."

पलीकडचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. पगाराचं असेल तर थोडं वाढवून देता येईल, असं मालक म्हणत होते.

"पगार चांगलाच आहे, सर."

मग अडलंय कुठे?

"मुलगा लहान आहे," तो म्हणाला.

अहो, सगळ्यांचीच असतात.

"हो," तो म्हणाला. मग 'बरं' म्हणाला, आणि फोन खिशात ठेवला. पुढे काय, हे त्याला कुणी विचारलं नाही. गावात भागत नव्हतं म्हणून तर ते इथवर आले होते.

ताई ओटा पुसत होती. कोपऱ्यापर्यंत गेली, फडकं पिळलं, परत पहिल्यापासून सुरू केलं.

"परतीची तिकिटं काढलीत का, पाहुणे?"

"अजून नाही. उद्या सकाळच्या बसची काढतो."

"तीन काढा. मी वाटेत सासरी उतरेन, लेकीकडे."

धाकटीने वर पाहिलं. "सुट्टी मिळेल तुला? भाऊजींना विचारलंस का?"

ताई गुडघ्यांवर बसली आणि तिने पलंगाखालून प्रवासाची बॅग ओढून काढली. बॅगेची चेन जाम झाली होती. धाकटी खाली वाकली, तिने एक टोक घट्ट धरलं, आणि ताईने दुसऱ्या बाजूने जोर लावला.