मुळासकटचा भाव

"चोवीस दिवस," मुळ्या म्हणाला. "मी आणि बायको, दोघांचे. एक दिवस कमी सांगितला तर ते खोटं होईल, बाई."

मास्तरीणबाई मागच्या दारात उभ्या होत्या. समोर चाळीस पावलं लांब आणि सव्वीस पावलं रुंद असं रान माजलं होतं. त्याला बाग म्हणायची नुसती सवय उरली होती. बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून आत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. घाणेरी छातीला लागत होती, पेरूच्या झाडाला वेलींनी पार गुंडाळलं होतं, आणि खाली जिकडेतिकडे लव्हाळा.

"चोवीस? अरे बाळा, परवा एक जण आठ दिवसांत करून देतो म्हणाला."

"देईल की. वरनं भादरून देईल. लव्हाळ्याच्या गाठी वीतभर खाली असतात, त्या कोण काढणार? मी मुळासकट काढतो. म्हणून तर सगळे मला मुळ्या म्हणतात. तुम्ही शाळेत ठेवलेलं नाव आता कुणाला आठवतही नाही."

बाई हसल्या.

"भाव तुझा रास्त आहे. पण एवढे पैसे आज माझ्याजवळ नाहीत. असं करू. आठ दिवसांची मजुरी घे, काम मुळासकट कर, आणि पुढची तीन वर्षं ही जमीन तूच कसायला घे. पिकेल ते तुझं. मला घरापुरती भाजी दिलीस की झालं."

मुळ्याच्या हातातला कोयता जागच्या जागी थांबला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत नवराबायकोनं गावचं निम्मं शिवार खणलं होतं, आणि त्यातलं एक ढेकूळही त्यांचं नव्हतं.

"कबूल," तो म्हणाला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साक्षीला कोण होतं?"

"साक्षीला? बाईंच्या तोंडावर साक्षीदार उभा करू? पाढे शिकवलेत त्यांनी मला."

"पाढे शिकवले ते बरंच झालं. बारा दुणे चोवीस तरी तुम्हाला येतं. आठ दिवसांचे पैसे घेऊन चोवीस दिवस राबायचं, आणि हातात कागदाचा कपटा नाही."

"तीन वर्षं जमीन मिळतेय, ते नाही दिसत?"

"दिसतंय हो," ती म्हणाली. "तेच तर दिसतंय. म्हणूनच विचारते."

दुसऱ्या दिवशी दोघं कामाला लागली. पहिले सहा दिवस नुसती कापणी. घाणेरीच्या काट्यांनी हात सोलून निघाले. सातव्या दिवशी जमीन दिसली आणि खरं काम सुरू झालं. माती वरून कडक होती, कुदळ मारली की टण्णकन वाजायची, पण हातभर खाली गेलं की काळी, ओलसर, मुठीत दाबली तर लाडवासारखी बसणारी. मुळ्यानं ती मूठ बायकोच्या नाकाजवळ नेली.

"वास घे."

"घेतला. आता सोडा, चाळायचंय मला."

तो खणायचा आणि ती माती चाळणीतून काढायची. लव्हाळ्याच्या गाठी हरभऱ्याएवढ्या, काळ्या, खड्यांत खडे होऊन बसलेल्या. ती एकेक वेचून डब्यात टाकायची आणि डबा भरला की दगडावर ओतून वाळवायची. मजुरीच्या कामात इतकं कुणी करत नाही. मुळ्या करायचा. पण या वेळी त्यानं दगड वेचून कडेला बांधही घातला, पाण्याला उतार काढून दिला, आणि पेरूच्या बुंध्याभोवती आळं केलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

ऊन कलायला लागलं की बाई ओट्यावर चहा घेऊन येत. "किती बदललं रे! ओळखूच येत नाही."

"तिकडे वांगी लावीन, बाई. या कोपऱ्याला सावली आहे, इथं पालेभाजी."

"हो, हो," बाई म्हणत, आणि कपबशी उचलून आत जात.

सतराव्या दिवशी चकचकीत बुटांतला एक माणूस आला. त्यानं बांधावरनं एक फेरी मारली, कुंपण पावलांनी मोजलं आणि निघून गेला.

"माझा भाचा," बाई म्हणाल्या.

"भाच्याला 'या, बसा' म्हणत होत्या," बायको कुजबुजली. "आणि तो जमिनीकडेच बघत होता. मावशीकडे एकदा तरी बघितलं का?"

"तुला सगळीकडे चोर दिसतात."

"मला चोर नाही दिसत. मला बूट दिसले."

चोविसाव्या दिवशी दुपारी काम संपलं. बायकोनं घरी जुन्या डब्यांत वांगी-मिरचीची रोपं तयार केली होती. ती एका पाटीत घालून दोघं संध्याकाळी आली, तर बाई फाटकातच भेटल्या. हातात पाकीट होतं.

"हे घे. आठ नाही, पूर्ण चोवीस दिवसांचे. तू सांगितलेल्या भावानं. मोजून घे."

मुळ्याला कळेना. "आणि जमीन?"

"मागची जागा विकली मी, आज इसार मिळाला. परवा येऊन गेला ना, तो भाचा नव्हे; तोच इथं गोदाम बांधणार आहे. छप्पर गळतंय रे माझं, मुलगा बघत नाही. मी तरी काय करू?"

"कधी ठरलं हे?"

बाईंनी पदर सावरला. "बोलणी गेल्या उन्हाळ्यापासून चालली होती. जंगल बघून तो भाव पाडायचा. जागा साफ बघितली आणि पूर्ण भावाला तयार झाला."

"म्हणजे मला तीन वर्षं म्हणालात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"तुझं नुकसान कुठं झालंय? रास्त भाव मिळाला ना?"

"तसं नाही, बाई. तेव्हाच म्हणायचं होतं, विकून पैसे देते म्हणून. थांबलो असतो मी."

बाई वर्गात चूक समजावून सांगावी तशा शांतपणे म्हणाल्या, "खरं सांगू? नुसत्या मजुरीवर माणूस कसं काम करतो ते मला माहीत आहे. स्वतःची जमीन समजूनच जीव ओततो. तसं म्हटलं नसतं तर तू इतकं केलं असतंस?"

मुळ्यानं पाकीट मोजलं. एक पैसा कमी नव्हता. भांडायला काही जागाच नव्हती.

"केलं असतं," तो म्हणाला. "सगळ्यांचं तसंच करतो."

बाईंना ते ऐकू आलं की नाही, कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "आता राग धरू नकोस. उद्या ये, पुढच्या दारातलं गवतही काढून दे. रस्त्यावरनं फार वाईट दिसतं. भाव तू म्हणशील तो."

घरी जाताना बायकोनं रोपांची पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. 'तुम्हाला सांगितलं होतं' असंही ती म्हणाली नाही. मुळ्याला ते जास्त लागलं.

गावात ज्यानं त्यानं हेच विचारलं की, पैसे पूर्ण मिळाले ना? मग तोंड का पाडून बसलास? मुळ्यानं दोघातिघांना समजावून पाहिलं, पण सांगता सांगता त्यालाच वाटे, की आपण उगीच कुरकुर करतोय. पुढे त्यानं सांगणं सोडलं.

पुढच्या दारातलं काम मात्र तो चार दिवसांनी करायला गेला. एका दिवसाची मजुरी सांगितली, बाई लगेच हो म्हणाल्या. कुदळ त्यानं नेलीच नव्हती. विळा घेऊन बसला आणि दुपारपर्यंत सगळं गवत जमिनीलगत कापून टाकलं. बायको काडीकचरा गोळा करत होती. तिनं बोटानं माती उकरली आणि वर बघितलं.

"खाली गाठी तशाच आहेत."

"असू दे."

"अहो, पण..."

"असू दे म्हटलं ना!"

बाई ओट्यावर आल्या, रस्त्यापर्यंत नजर टाकली. "अगदी स्वच्छ झालं," म्हणाल्या, आणि पैसे दिले. मुळ्यानं ते न मोजता खिशात घातले.

त्याच आठवड्यात एक सर पडून गेली. गवत कापल्यानंतर नवव्या दिवशी तो दुसऱ्या कामावर निघाला होता, तेव्हा बाईंच्या घरासमोर पोस्टमन सायकल टेकवून उभा होता. दारात लव्हाळा बोट बोट वर आला होता, हिरवागार.

"मुळ्या, हे बघ," पोस्टमन हसत म्हणाला. "कुण्या नवशिक्याला दिलं होतं बाईंनी काम? पैसे पाण्यात गेले की त्यांचे. कुणी केलं रे हे?"

मुळ्यानं खांद्यावरची कुदळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मी," तो म्हणाला.