खडूची रिकामी वर्तुळे

मी एक जुनी, चिडकी पहारेकरी पेशी आहे. मास्ट पेशी म्हणतात मला. मित्रांनो, एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या डाव्या हाताच्या कातडीत, बारीक रक्तवाहिनीला खेटून मी राहते. माझा जन्म त्यांच्या हाडातल्या मज्जेत झाला. तिथून वाहत इथे आले आणि कायमचा मुक्काम ठोकला.

माझ्या पोटात हिस्टामिनच्या शेकडो पुड्या आहेत. परका आत घुसला की मी त्या फोडते. मग रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपते, मदतीला फौज येते. एकदा गांधीलमाशी चावली तेव्हा हात असा सुजला की घरातले सगळे बघायला आले. मला कोण अभिमान वाटला होता!

पण एका दुपारी, शत्रूची वर्दी जिथे येते नेमके तिथेच मला कोणीतरी धरले. मी दचकून सगळ्या पुड्या फोडल्या. पाहते तर शत्रू कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच स्पर्श. बाईंच्याच रक्तातली, आमच्यावरच उलटलेली प्रतिपिंडे होती ती. हे मला फार उशिरा कळले. तोवर मी झपाटल्यासारखी वागत राहिले.

वर कातडीवर लाल, खाजऱ्या गांधी उठत. कधी खोल थरातल्या माझ्या बहिणी बिथरत. मग बाईंचा ओठ सुजे, एक डोळा मिटून जाई.

सासूबाईंचा संशय खाण्यावर. आधी अंडी बंद झाली, मग मासे, मग दूध. बाई भात आणि मिठावर आल्या. ‘अहो, ते नव्हे!’ असे मी आतून ओरडे, पण माझे ओरडणे म्हणजे आणखी चार गांधी.

मग सासूबाई म्हणाल्या, “छोटीला जवळ घेऊ नकोस गं. तिला लागलं म्हणजे?”

छोटी पाच वर्षांची. दुपारी आईच्या डाव्या हातावर डोके ठेवून झोपायची तिची सवय. ते ऊबदार ओझे माझ्यावरून गेले. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून शिलाई मशीनकडे बघत राही. मला फार वाईट वाटे, कारण हे सगळे माझ्यामुळे झाले होते.

दवाखान्यात नंबर येईपर्यंत गांधी विरून जात. “तिथं गेलं की बरं गायब होतं!” असे सासूबाई म्हणत. शेवटी बाईंनी आपल्या कामातली युक्ती वापरली. कापडावर खूण करायच्या खडूने त्यांनी प्रत्येक गांधीभोवती वर्तुळ काढले, शेजारी वेळ लिहिली. रेघ पुसट झाली की त्या ती पुन्हा गिरवत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंसोबत गेल्या, तेव्हा सातही वर्तुळे रिकामी होती.

बाईंचा चेहरा पडला. “आता तुम्हीही हसाल.”

“अहो, रिकामी आहेत हेच कामाचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “डाग न ठेवता एका दिवसात विरल्या. तुमच्याच कातडीतल्या पेशी उगाच घाबरतात. हे खाण्यातून नाही आणि दुसऱ्याला लागतही नाही. गोळ्या घ्या. मात्र जीभ सुजली, श्वास अडला, तर तशाच धावत या.”

सासूबाई सुनेजवळ सरकल्या. मग आपल्या रुमालाने सुनेच्या हातावरचा खडू हलकेच पुसू लागल्या. “पाच महिने पोरीला तोडलं मी,” एवढेच म्हणाल्या.

आता गोळ्यांनी रक्तवाहिन्यांचे आणि चेतातंतूंचे कान बंद केले आहेत. मी पुड्या फोडते, पण बहुतेक वेळा कोणी ऐकत नाही. तो स्पर्श मात्र अजून येतो. आज येईल की उद्या, या भीतीतच मी जगते.

मित्रांनो, माझ्या चुकीची शिक्षा माणसाला देऊ नका. कोणाच्या अंगावर गांधी दिसल्या तर लांब सरकण्याआधी विचारा.

काल दुपारी छोटी पुन्हा या हातावर झोपली. तिचे ऊबदार ओझे आले आणि त्याच क्षणी तो दुसरा स्पर्शही. मला राहवले नाही, पुड्या फुटल्याच.

“आई, तुझा हात परत गरम झाला.”

“होऊ दे गं. खाली ठेवू का तुला?”

छोटीने डोके उचलले नाही.