पाठ नसलेले कपाट

“त्याला पाठ लावू नका हं, सुतारकाका. बाकी हवं तसं करा, पण पाठ नको.”

माझ्या वाट्याला आलेले हे पहिले शब्द. तेव्हा मी पुरते उभेही राहिले नव्हते. नाटकगृहाच्या मागच्या अंगणात, भुश्शाच्या ढिगाशेजारी, माझ्या दोन बाजू आणि दोन दारे भिंतीला टेकवून ठेवली होती. बोलणाऱ्या बाईंना सगळी मंडळी वहिनी म्हणत. त्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायच्या.

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. पुरुषभर उंच, रंग काळपट तांबडा, मुठी पितळी. दिसायला चारचौघांसारखेच. फक्त आत डोकावलात तर मागे लाकूड नव्हते. नुसते एक काळे कापड सोडलेले.

सुतारकाकांना हे मुळीच रुचले नव्हते. रंधा थांबवून ते म्हणाले, “अहो वहिनी, पाठ नसलेलं कपाट म्हणजे दारच की. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला लाकूड पुरलं नाही.”

“म्हणू देत. आमचे हे पुढून आत शिरले की मागून बाहेर पडायला हवेत.”

“मग सरळ दारानं जायला काय होतं त्यांना?”

वहिनी हळूच हसल्या. “सरळ दारानं गेले तर लोक तिकीट कशाला काढतील?”

आता तुम्हाला नाटकाची गोष्ट सांगायला हवी. एक जावई असतो. सासूबाई राहायला येणार असे कळताच तो ‘मी गावाला गेलोय’ असा निरोप ठेवतो आणि घरातच दडून बसतो. सासूबाई येतात, तो घाईघाईने माझ्यात शिरतो. सासूबाईंना संशय येतो. त्या माझी दारे सताड उघडतात, तर आत कोणी नाही. तेवढ्यात घंटा वाजते आणि समोरच्या दारातून जावई हजर. हातात बॅग, डोक्यावर टोपी. “अरे वा, सासूबाई. कधी आलात?”

बस, एवढेच. पण त्या क्षणाला नाटकगृहाचे छप्पर हलायचे. मित्रांनो, दुनियेत कपाटे भरलेली असली की त्यांची किंमत होते. मी एकटेच असे, की रिकामे निघाल्याबद्दल टाळ्या घेत होते.

जावयाचे काम वहिनींचे यजमान करीत. इतकी वर्षे करीत होते, की त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारीत नसे. दूधवाला, शेजारी, दवाखान्यातले डॉक्टर, सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. पुढे पुढे सासूचे काम करणाऱ्या बाई त्यांच्याहून वयाने लहान निघाल्या. त्या म्हणत, “जावईबापू, आता तुम्ही माझ्या पाया पडलात की मलाच संकोच होतो.”

पण प्रेक्षकांना जे कधी दिसले नाही, ते मी रोज पाहिले. काळे कापड बाजूला सारून जावईबापू मागे आले, की तिथे अंधारात वहिनी उभ्या असत. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात टोपी. पदराने त्या त्यांच्या कपाळावरचा घाम टिपीत, टोपी सरळ बसवीत आणि म्हणत, “दमानं जा.” मग जावईबापू पडद्यामागच्या बोळातून पलीकडच्या दाराकडे धावत. दिवसभर ती दोघे आपापल्या कामात असत. एकमेकांकडे धड बघायला सवड नसे. पण त्या अंधारातली भेट कधी चुकली नाही. ताप असो, पाहुणे असोत, वहिनींचा नेम म्हणजे नेम.

आणखी एक सांगते. प्रयोग सुरू होण्याआधी वहिनी माझ्या चौकटीवर तळवा ठेवीत आणि पुटपुटत, “सांभाळ रे.” हे देवाला होते की मला, ते मी कधी विचारले नाही. आम्ही दोघांनीही ते मनावर घेतले, एवढे खरे.

मग एके दिवशी सिनेमावाले आले.

दिग्दर्शक साहेब तरुण होते, हुशार होते आणि सारखे घड्याळ बघत. त्यांना नाटक आवडले, सासूबाई आवडल्या, मीसुद्धा आवडले. शंका होती ती फक्त जावईबापूंबद्दल. ते म्हणाले, “जावईबापू, तुम्ही शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसेल असं काम करता. सिनेमात तो माणूस तुमच्या नाकासमोर येऊन बसतो. जमेल?”

“नाक आहे तिथेच ठेवतो, साहेब,” जावईबापू म्हणाले. “बाकीचं बघू.”

“मग असं करू. पहिल्या दिवशी कपाटाचाच प्रसंग घेऊ. जमला तर सिनेमा तुमचा. नाही जमला तर मला दुसरा विचार करावा लागेल.”

तो दुसरा विचार वहिनींना आधीच कळला होता. कपडेपटात जावयाचे कोट दोन शिवून आले होते. एक जावईबापूंच्या मापाचा आणि एक खांद्यात रुंद, पडद्यावरच्या एका देखण्या नटाच्या मापाचा. वहिनींनी दोन्ही कोटांना सारख्याच मायेने इस्त्री केली आणि घरी कोणाला काही सांगितले नाही.

स्टुडिओतले दिवे फार प्रखर. त्या उजेडात माझे काळे कापड उघड उघड कापडच दिसू लागले. दिग्दर्शक साहेब म्हणाले, “याला खरी पाठ लावा. इथे मागून पळायची गरज नाही. जावईबापू आत जातील, मी कॅमेरा थांबवीन, ते आरामात बाहेर येतील, मग सासूबाई रिकामं कपाट उघडतील. सोपं काम.”

सुतारकाकांना तर आनंद मावेना. “शेवटी एकदाचं माणसासारखं कपाट करू दिलंत,” असे म्हणत त्यांनी चांगली जाड फळी आणली आणि खिळ्यांची रांगच्या रांग ठोकली. जिथे चार खिळ्यांनी भागले असते तिथे त्यांनी हौसेने मूठभर घातले.

वहिनी त्या फळीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “अहो, हे आंधळं कपाट मला बघवत नाही. सिनेमा झाला की ही फळी काढायची हं.”

“मी स्वतः काढीन,” जावईबापू म्हणाले. “शब्द देतो.”

त्या दिवशी वहिनींना कोणी काही काम दिले नाही. मागे उभे राहायला आता मागेच नव्हते. “तुम्ही निवांत बसा,” असे म्हणून त्यांना कॅमेऱ्याजवळ एक स्टूल दिले. पुढच्या शॉटला लागणारी बॅग आणि टोपी मांडीवर घेऊन त्या बसल्या. ओठ हलत होते. मला ऐकू आले नाही, पण शब्द मला माहीत होते.

कॅमेरा सुरू झाला. सासूबाईंची चाहूल लागली. जावईबापू चपापले, इकडे तिकडे पाहिले, माझ्यात शिरले आणि दार ओढून घेतले. इथवर सगळे ठरल्याप्रमाणे. पण मित्रांनो, माणसाचे डोके सूचना ऐकते, पाय ऐकत नाहीत. त्यांच्या पायांना माझ्यात थांबायचे माहीतच नव्हते. ते नेहमीच्या वेगाने सरळ पुढे निघाले.

धाड.

मी मुळापासून हादरले. वरची फुलदाणी डुलली आणि कशीबशी सावरली. कॅमेरा चालूच होता, कारण ‘थांबा’ म्हणायचे भान कोणालाच राहिले नाही. आत अंधारात जावईबापू फळी चाचपडत होते. नाक बधिर झालेले, डोके गरगरलेले. अशा वेळी माणूस सवयीचेच बोलतो.

“अगं,” माझ्या आतून हलका आवाज आला, “बॅग?”

वहिनी उठल्या. इतकी वर्षे या आवाजाने बॅग मागितली की बॅग मिळायची, त्यात विचार करण्यासारखे काय होते? त्या लखलखीत उजेडातून शांतपणे चालत आल्या. वाटेत सासूबाई उभ्या होत्या. “जरा बाजूला व्हा,” असे त्यांना हळू आवाजात म्हणाल्या. माझे दार उघडले. पदराने जावईबापूंचे कपाळ टिपले, नाकाला हलकेच हात लावून बघितला, टोपी सरळ बसवली, बॅग हातात दिली. “दमानं जा,” म्हणाल्या आणि दार लावून, आल्या तशा परत जाऊन स्टुलावर बसल्या. सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांना बसल्यावर कळले.

आता जावईबापूंच्या हातात बॅग होती आणि बॅग हातात आली की करायचे ते एकच. दार उघडून ते ऐटीत बाहेर पडले. “अरे वा, सासूबाई. कधी आलात?”

सासूबाई कसलेल्या. त्यांनी जावईबापूंच्या लाल नाकाकडे नीट निरखून पाहिले. “मघाशीच आले. तुमचा प्रवास बरा झाला ना? रस्ता खराब होता वाटतं.”

“शेवटी शेवटी जरा,” जावईबापू म्हणाले.

दिग्दर्शक साहेबांनी तोंडावर रुमाल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. साहेब संतापले असे वाटून वहिनी स्टुलावरून उठल्या. त्या पुढे जाऊन म्हणाल्या, “साहेब, चूक माझी आहे. हवं तर मला बाहेर बसवा, पण यांना काढू नका.”

रुमाल खाली आला. साहेबांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी वाहत होते. “तुम्हाला बाहेर बसवलं तर बॅग कोण देणार, वहिनी?”

साहेबांनी तो प्रसंग पुन्हा एकदा नीट ठरवून घेऊन पाहिला. तो नीट आला, म्हणूनच फसला. मग पहिलाच ठेवला. आजही सिनेमात त्या ठिकाणी चित्र किंचित थरथरते. कॅमेरा धरणारा माणूस हसत होता ना. खांद्यात रुंद असलेला तो दुसरा कोट वहिनींनी घडी घालून माझ्यातच ठेवून दिला.

सिनेमा गाजला. ‘ती बॅग देणारी बाई कोण?’ असे लोक एकमेकांना विचारीत. पण गंमत बघा, सिनेमा इतका चालला की नाटकाला कोणी बोलावीना. जावईबापूंना एकामागून एक सिनेमे मिळाले. मला स्टुडिओच्या कोठारात ढकलले. माझ्यात रंगाचे डबे ठेवले, डोक्यावर तुटकी खुर्ची ठेवली. उंदरांनी खालचा कोपरा कुरतडला. फळी मात्र तशीच राहिली. सुतारकाकांचे खिळे होते ते.

पुढे स्टुडिओ मोडीत निघाला, तेव्हा जावईबापू मला हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. आता मी त्यांच्या खोलीत भिंतीला टेकून उभे आहे. माझ्यात चादरी आणि उशांचे अभ्रे असतात. तक्रार काही नाही. वहिनी रोज मला पुसतात. पण पुसताना त्यांचा हात कधी कधी आतल्या फळीवर थांबतो.

काल दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागला होता. सूनबाई हसून लोळायच्या बेतात होती. “आई, इतक्या लोकांसमोर अशा चालत गेलात कशा हो?”

“लोक कुठे दिसले मला,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं, मी मागेच उभी आहे.”

“मागे म्हणजे?”

“नाटकात मी मागे असायचे. यांची वाट बघत. मग फळी लागली.” एवढे बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या.

जावईबापू टीव्ही बघायचे सोडून माझ्याकडे बघत बसले.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुन्या वस्तू असतील. त्या पुसा, उन्हे दाखवा, वाळवीपासून जपा, हे तर आहेच. पण माझे आणखी एक मागणे आहे. कशालाही नीटनेटके करायला निघालात, तर खिळा ठोकण्याआधी जरा थांबा आणि बघा, पलीकडे कोणी उभे तर नाही ना.

आज सकाळी वहिनी पलीकडच्या खोलीत रोजच्या जपाच्या नेमाला बसल्या आहेत. जावईबापूंनी माझ्यातल्या चादरी एकेक करून पलंगावर ठेवल्या. मला ओढून भिंतीपासून सुटे केले, गुडघा धरून दोन वेळा थांबले, पण आवाज होऊ दिला नाही. मागे जाऊन त्यांनी खिळ्यांची ती रांग पाहिली. “काका, काय हो हे,” असे स्वतःशीच म्हणाले. मग बाह्या वर सारल्या आणि पक्कड आणायला चोरपावलांनी स्वयंपाकघराकडे निघाले.