माझी दुमडलेली ओळ

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो, आणि तोही पाठकोरा. माझ्या एका बाजूला कुणाच्या तरी रक्ततपासणीचा फसलेला प्रिंट आहे. दुसऱ्या बाजूला जाड मार्करने लिहिले आहे, 'हे यंत्र बंद करू नये'. एवढ्या एका वाक्यावर मी पाच वर्षे राज्य केले.

रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या मागच्या थंडगार खोलीत सर्व्हर नावाचे यंत्र होते. सगळ्यांचे रिपोर्ट त्याच्या पोटात असत. ते बसवणाऱ्या काकांनी एका सकाळी जुने रिपोर्ट त्यात भरायला लावले. मध्येच कुणी बटण दाबू नये म्हणून त्यांनी मला लिहिले आणि यंत्राच्या कपाळावर चिकटवले. माझी शेवटची ओळ मात्र खाली जाळीवर लोंबत होती. दुपारी प्रयोगशाळेच्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांना कुठे काही लोंबलेले खपत नसे. बाहेर रुग्ण थांबलेले, वाचायला सवड कुणाला? त्यांनी माझा काठ मागे दुमडला आणि टोचलेल्या हातावर कापूस बसवायची पांढरी पट्टी वर ताणून लावली. तेव्हापासून त्या ओळीने उजेड पाहिला नाही. पुढच्याच महिन्यात काका निवृत्त झाले.

सुरुवातीला मला फार अभिमान वाटे. झाडणारा माणूसही माझ्यापाशी दबकून वागे. वीज गेली तर यंत्र बॅटरीवर चाले, पण बंद होत नसे.

खोलीच्या काचेसमोरच्या काउंटरवर एक ताई बसत. रुग्णांची नावे टिपायची, रिपोर्ट छापून द्यायचे, एवढेच त्यांचे काम, आणि यंत्रातही त्यांना तेवढीच मुभा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आले, की पडद्यावर रोज एकच निरोप येतो.

"मॅडम, काहीतरी दुरुस्ती आलीय म्हणे. एकदा बंद करून चालू करा म्हणतंय."

मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवले. "वर काय लिहिलंय ते वाचा की. काकांना काय कळत नव्हतं?"

ताईंनी तो निरोप बंद केला आणि पुढचा रिपोर्ट छापायला घेतला. मी मात्र फुगलो. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

गेल्या महिन्यात ताईंना पडद्यावर एक खोटे पत्र आले. प्रयोगशाळेचेच समजून त्यांनी त्यात आपला पासवर्ड भरला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे रिपोर्ट पुसले गेले होते.

"तुमच्याच नावाने आत शिरून झालंय सगळं," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका."

"अकरा वर्षं आहे मी इथे, मॅडम. मी कशाला पुसेन?"

"मग काय भुताने पुसलं?"

ताईंनी पिशवी खांद्याला लावली. अकरा वर्षांचे नाव एका दुपारी मातीत मिळाले होते. तेवढ्यात तपासणीला बोलावलेल्या इंजिनिअर बाई मागच्या खोलीतून बाहेर आल्या.

"यांच्या नावाने तर एक ओळही पुसता येत नाही," त्या म्हणाल्या. "दोष यंत्रातच आहे. त्याच्या मूळ प्रणालीत एक फट आहे. चोर यांच्या पासवर्डने फक्त बाहेरच्या खोलीत आला, पण असा पाहुणा तिच्यातून शिरला की अख्ख्या घराचा मालक होतो. तिची दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच येऊन पडलीय. एकदा बंद करून चालू केलं असतं तर फट बुजली असती. का नाही केलं?"

सगळे आत आले आणि माझ्याकडे बघत राहिले. बाईंनी मला उतरवले, नखाने पांढरी पट्टी उचलली आणि माझा काठ उलगडून मोठ्याने वाचले, "आज संध्याकाळी पाचपर्यंत." खाली तारीख होती, पाच वर्षांपूर्वीची.

"हा कुणी दुमडला?"

मॅडम त्या पट्टीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मी."

"मला माहीत होतं," ताई म्हणाल्या. "पट्टी मीच कापून दिली होती तुम्हाला."

"मग मघाशी बोलला का नाहीत?"

"पासवर्ड तर माझाच गेला ना, मॅडम."

"उद्या या," मॅडम हळूच म्हणाल्या. ताईंनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, मला कळले नाही. पिशवी त्यांच्या खांद्यावरच होती.

मित्रांनो, मी खोटे कधीच बोललो नाही. मी अर्धे बोललो, आणि लोकांनी तेच पुरे मानले. म्हणून हात जोडून सांगतो, आमच्यासारख्यांचे काम संपले की आम्हाला उतरवत जा. आणि आमच्यावर विसंबून कुणाला गप्प बसवण्याआधी आम्हाला शेवटपर्यंत वाचा.

आता मी काउंटरच्या खणात पडून आहे. अंगावरची घडी काही जात नाही. वरची खुर्ची त्या दिवसापासून रिकामी आहे. मागच्या खोलीत यंत्रात रिपोर्ट पुन्हा भरायचे काम चालू आहे, आणि काल त्याच्यावर नवा कागद लागला म्हणे, 'हात लावू नये'. त्याच्या खाली तारीख लिहिली आहे का, तेवढे कुणीतरी वाकून बघा.