शॉवरच्या पट्टीतली छिद्रं

घर जेमतेम चार वर्षांचं, पण न्हाणीघरात पाऊल टाकलं की तिला शिसारी यायची. बिल्डरने सगळ्या घरांना एकाच साच्यातली न्हाणीघरं चिकटवली होती. फिक्या, पातळ टाइल्स, पाय ठेवला की कण्हणारा शॉवरखालचा प्लास्टिकचा ट्रे आणि त्यावर काचेचा सरकता दरवाजा. या दरवाजाच्या खालच्या पट्टीला आतल्या बाजूने बारीक छिद्रं होती आणि त्यांतून रोज काळं काहीतरी पाझरायचं. केसांसारखं, शेंबडासारखं, लिबलिबीत. ती ते दातांच्या जुन्या ब्रशने खरवडायची. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर.

शेवटी तिने सिलिकॉनची नळी आणली आणि एकूण एक छिद्र बुजवून टाकलं. घाण थांबली. त्या दिवशी तिला इतकं हलकं वाटलं की सासूबाई म्हणाल्या, "सण असल्यासारखी हसतेस की गं!" पुढे दर महिन्याला ती सिलिकॉनचा नवा थर द्यायची. "माझ्या सुनेने भिंतीला तीट लावायचीच तेवढी बाकी ठेवलीय," असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

लेक दहा महिन्यांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून नाव पडलं ठिपकी. ठिपकीचा खोकला काही केल्या हटेना. डॉक्टर म्हणाले, "औषधं झाली तेवढी पुरे. आता घर बघा. कुठे ओल असेल तर शोधा." घरभर हात फिरवून झाला, पण भिंती सगळ्या कोरड्याठाक.

मग निदान न्हाणीघर तरी नवं करू म्हणून नवऱ्याने तीन दिवस रजा काढली. बिल्डरच्या टाइल्स न काढता त्यांच्यावरच नव्या चिकटवायच्या, म्हणजे धूळ नाही, तोडफोड नाही, हा त्याचा बेत. गर्द हिरव्या टाइल्सचे खोके आणून त्याने पॅसेजमध्ये रचलेही. येताजाता एखादी टाइल काढून उजेडात धरायचा, नव्या नवरीचा चेहरा पाहावा तसा.

मिस्त्री आला. वयस्क, कमी बोलणारा. त्याने हातोडीच्या दांड्याने एकेक टाइल वाजवायला सुरुवात केली. टक, टक, टक. कोपऱ्यात आल्यावर आवाज बदलला. ढब. तो खाली बसला आणि दरवाजाच्या पट्टीवरून त्याने अंगठ्याचं नख फिरवलं.

"ताई, ही छिद्रं कोणी बुजवली?"

"मी," ती जराशा अभिमानानेच म्हणाली. "त्यातून काय घाण यायची म्हणून सांगू!"

"पट्टीत साचलेलं पाणी त्यातून परत ट्रेमध्ये उतरतं, ताई. तेवढ्यासाठीच असतात ती."

"मग इतके दिवस ते गेलं कुठे?"

मिस्त्रीने कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यापलीकडे ठिपकीची खोली होती आणि त्याच भिंतीला टेकवून तिचा पाळणा. खिडकीचा वारा लागू नये म्हणून तिनेच तो तिथे ठेवला होता.

"वरून टाइल बसली की सगळं बंद होईल ना?" नवरा म्हणाला.

"होईल की, साहेब. आत जे आहे तेही बंद होईल."

"अगं, ती भिंत कोरडी आहे. हात लावून पाहिलाय आपण!"

"तू हात रंगाला लावलास," ती म्हणाली. "मीसुद्धा."

तिने पाळणा ओढून बाजूला केला. त्या भिंतीवर नवऱ्याने बाळंतपणाच्या आधी हत्ती रंगवले होते. एकाची सोंड वाकडी झाली होती, तरी दोघांचा जीव होता त्यांच्यावर. "इथे उघडा," तिने मिस्त्रीला सांगितलं. नवरा "अगं, अगं" करत राहिला.

मिस्त्रीने कटरने हातभर चौकोन कापला. बिल्डरने विटांऐवजी लावलेला तो पुठ्ठ्यासारखा बोर्ड चहात बुडालेल्या बिस्किटासारखा त्याच्या हातात आला. मागोमाग वास. कुबट, गोडसर, घशात चिकटणारा. आत काळी केसाळ बुरशी अंथरूण घातल्यासारखी पसरली होती. तिच्यात पांढुरके किडे वळवळत होते. तळाशी चहाचे कागदी कप, सिगारेटची थोटकं आणि चोखलेली हाडं. बांधणाऱ्यांनी जेवण उरकून उष्टं तिच्या लेकीच्या भिंतीत टाकलं होतं.

"शी, शी, शी! माणसं होती की कोण!" सासूबाईंनी ठिपकीला छातीशी धरून बाहेर पळ काढला.

"हे सगळ्याच घरांत सापडतं," मिस्त्री म्हणाला. "पण कोरडं पडून राहतं. कचरा त्यांचा, पण पाणी..."

"पाणी माझं," ती म्हणाली. ब्रश, नळी, दर महिन्याचा तो चकचकीत थर आठवला आणि स्वतःच्या हातांचीच किळस आली.

नवरा नाकावर बाही धरून पुढे झाला. त्याने विचारलं, "कुठवर कापायचं?"

"कोरडं लागेपर्यंत," ती म्हणाली.

त्याने मिस्त्रीच्या हातातून कटर घेतला आणि वाकड्या सोंडेच्या हत्तीपासून सुरुवात केली. तिच्याकडे वळून पाहिलं नाही, पण म्हणाला, "मीपण रोज त्याच शॉवरखाली उभा राहायचो. विचारलं कधी, कुठे जातं पाणी?"

ती बाहेर आली. सासूबाईंकडून ठिपकीला घेतलं आणि सवयीने तिच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं. रोज झोपवताना ती असाच वास घ्यायची. कुबट, गोडसर. लेकीचा वास म्हणून डोळे मिटून छातीत भरून घ्यायची. ती झटकन मागे झाली. ठिपकीला वाटलं खेळ आहे. ती खिदळली आणि हसता हसता खोकली.

"हिला आंघोळ घालूया."

"अगं, सकाळीच तर घातली!"

"परत घालू. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये. कपडे, दुपटी, गादी, सगळं घराबाहेर काढा आधी."

सासूबाईंनी एकदा सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा ओठांपर्यंत आला असावा, पण त्या पाणी तापवायला गेल्या.

कोमट पाण्यात तिने लेकीला कानांमागे, बोटांच्या बेचक्यांत, मानेच्या एकेका वळीत धुतलं. पुसलं. मग घाबरत घाबरत पुन्हा नाक टेकवलं. दुधाचा, ओल्या केसांचा, किंचित आंबूस असा कसलातरी वास आला. तिला तो अजिबात ओळखीचा वाटला नाही. ती तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली आणि पलीकडच्या खोलीत कटर चालू असेपर्यंत तोच वास पुन्हा पुन्हा घेत राहिली.