दाराला डकवलेली नोटीस

"पप्पा, तुमी सरकारला खरंच फसवलं का?"

वर्गातल्या पोरींनी ऋतुजाला डिवचलं होतं. तुझ्या दारावर पोस्टर लागलंय म्हणे, पिक्चर कधी लागणार? हिंमत असेल तर बापाला विचार. पाठीवरचं दप्तरही न काढता तिनं माझ्या उंबऱ्यात उभं राहून विचारून टाकलं.

मित्रांनो, मी ते दार. सिरसाळ्यातल्या या घराचं, आता बरंच जुनं झालेलं. म्हाळू सुतारानं मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. दसऱ्याला मला झेंडूचं तोरण, दिवाळीला तेलाचा हात. पण खरा थाट आला, तो ऋतुजाच्या वडिलांच्या, बजरंगरावांच्या नावाची पितळी पाटी माझ्यावर लागली तेव्हा. बंदरावर लोकांच्या मालाची कागदपत्रं कस्टमकडून मंजूर करून घ्यायचा परवाना त्यांना मिळाला होता. बंकटआबा, म्हणजे ऋतुजाचे आजोबा, ती पाटी चिंचेनं घासून लखलखीत ठेवायचे. येणारा-जाणारा थांबून वाचायचा. लाकडाची असली तरी माझी छाती फुगायची.

मग गावाकडच्याच एकानं परदेशात माल धाडायचं काम आणलं. आपलाच माणूस, त्याचा पत्ता काय तपासायचा, म्हणून बजरंगरावांनी तो तपासला नाही. तपासणं हेच तर त्यांचं काम होतं. त्या पत्त्यावर कंपनीच नव्हती; खोट्या नावानं माल गेला आणि सरकारला फसवल्याचा आळ बजरंगरावांवरही आला.

पोस्टमन कस्टमची आरोपांची नोटीस घेऊन आला. आबा दबक्या आवाजात म्हणाले, "कडी लाव. हातात घेतली न्हाई, तर नोटीस लागत न्हाई."

आमच्याकडे जुन्या माणसांचा हा पक्का समज. मला आतून कडी लागली. पलीकडं सगळं घर श्वास रोखून उभं. पोस्टमन परत गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. शेवटी कस्टमचे साहेब लोक आले. शेजारच्या दोघांना साक्षीला उभं करून त्यांनी तो कागद माझ्याच छाताडावर खळीनं डकवला आणि फोटो काढला. कायद्याच्या लेखी नोटीस पोचली.

तिन्हीसांजेला ऋतुजाच्या आईनं, संगीताबाईंनी, उलथण्यानं ती खरवडली. माझा रंगही गेला. न वाचताच कागद चुलीत गेला. आपली बाजू लिहून कळवा, अशी मुदत त्यात होती. ती सरली, तेव्हा कुठं बजरंगरावांनी एका वकिलाला फोन केला आणि त्यानं हे सांगितलं. आता सुनावणीचा कागद येईल, पण परवाना वाचणं अवघडच, असंही म्हणाला. पितळी पाटी आबांनी स्वतःच उतरवली. तिच्या जागी भोकं राहिली आहेत.

मित्रांनो, दाराला तेलपाणी करा, वाळवीपासून जपा. पण दारामागं लपू नका. मी वारा अडवतं, कुत्रं अडवतं. आलेलं संकट काही मला अडवता येत नाही.

ऋतुजानं उंबऱ्यात उभं राहून विचारलं, त्या दिवशी बजरंगरावांनी माझ्या खरवडलेल्या जागेवरून हात फिरवला. मग म्हणाले, "फसवलं न्हाई, बाई. तपासलं न्हाई."

"मग एवढंच त्यास्नी कावून कळवलं न्हाई?"

"आता कोण ऐकतंय?"

संगीताबाईंनी पदर डोळ्याला लावला. ऋतुजानं माझ्या कडीवर हात ठेवला.

"न्हाई ऐकलं तर न्हाई. परवाना जाईल, जाऊ द्या. पण आई, पप्पा, सांगून ठेवते. सुनावणीचा कागद आला की दार मी उघडणार. सही पप्पांनी करायची. आन सुनावणीला मी बी संगं येणार."